महामार्ग राष्ट्रीय, तर मग दोन सरकारे कशासाठी?

प्रश्न (खारघर): पळस्पे फाट्यावरून कोकणात जाताना दर वेळी वाटते, की राष्ट्रीय महामार्ग ६६ चे पनवेल ते इंदापूर काम केंद्राच्या प्राधिकरणाकडे आणि पुढचे राज्याच्या बांधकाम विभागाकडे, अशी विभागणी का असावी? कॅनडासारख्या संघराज्यात हे कसे जमवले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (ठाणे): तिथे रस्ते हा प्रांतांचा विषय असल्याने केंद्राला १९४९ च्या ट्रान्स-कॅनडा महामार्ग कायद्यानुसार प्रत्येक प्रांताशी करार करावा लागला, रस्ता प्रांताने ठरलेल्या दर्जाचा बांधायचा आणि निम्मा खर्च केंद्राने सोसायचा. अवघड पट्ट्यांत तेवढ्यावर भागेना, म्हणून १९५६ मध्ये तिथला केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत वाढवला. क्वेबेक प्रांत तर १९६० मध्ये या योजनेत सामील झाला. डोंगराळ रॉजर्स खिंडीत १९६२ साली महामार्गाचे उद्घाटन झाले, तरी उरलेले काम १९७१ पर्यंत चालले. मला तो ९० टक्क्यांचा निर्णय सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

उत्तर (पनवेल): ताई, आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आहेत, पण १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालचा जमिनीच्या मोबदल्याचा निवाडा बहुधा राज्याचे प्रांताधिकारीच करतात. आमच्या सातबाऱ्यावर दिवंगत आजोबांचेच नाव राहिले होते. वारसनोंदीचा फेरफार मंजूर होईपर्यंत, निधी येऊनही, आमचा मोबदला अडकून पडला.

प्रश्नकर्ती: दादा, हे ध्यानात आले नव्हते. पेणजवळच्या आमच्या जमिनीची वारसनोंद याच आठवड्यात करायला घेते.