मदत हवी आहे: शाळेची बाकं दुरुस्त करायला परवानगी कुणाची?

मंडळी, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. पोरगी महापालिकेच्या शाळेत चौथीला. परवा पालकसभेत तिच्या बाकावर बसलो, तर पायाचं वेल्डिंग सुटलेलं, बाक झोपाळ्यागत हलतंय! त्याच शाळेत पोरं असलेले आम्ही पाचसहा वर्कशॉपवाले आहोत. सुट्टीदिवशी मशीन घेऊन जाऊ, पैसे नकोत.

सर म्हणतात, लेखी आणा. कुणाचं, ते त्यांनाही नक्की ठाऊक नाही. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, मग तिचा ठराव पुरतो का? की महापालिकेच्या शाळा बघणाऱ्या प्राथमिक शिक्षण समितीकडेही अर्ज लागतो? निघालेल्या भंगाराची नोंद कशी करायची? कुणी केलं असेल तर अर्जाचा नमुना टाका राव.