लिफ्टचं बटण तिनेच दाबायचं! सव्वादोन वर्षांच्या हेक्यापुढे कुठे नमायचं आणि कुठे नाही?

झोपमोड:

लेक सव्वादोन वर्षांची आहे. लिफ्टचं बटण तिनेच दाबायचं, हा सध्या घरातला पहिला कायदा. दुसऱ्या कुणी, अगदी अनोळखी माणसाने जरी आधी दाबलं, तरी बाईसाहेब लिफ्टच्या दारात फतकल मारतात. मग ती लिफ्ट रिकामी वर जाऊ द्यायची, परत खाली येऊ द्यायची, हिने टाचा उंचावून बटण दाबायचं, दिवा लागला की वळून माझ्याकडे बघायचं आणि मगच पाऊल आत. बूट उलटसुलट पायांत घातलेले असतात, ते तसेच राहायला हवेत. रात्री दिवा मी बंद केला तर तो पुन्हा लावायचा, कारण तो तिला बंद करायचा असतो.

लिहिताना हसू येतंय. सकाळी निघायच्या घाईत मात्र येत नाही.

दुसरी बाजूही सांगते. परवा जॅकेटची चेन लावायला बसली. मी हात पुढे केला तर ढकलून दिला. चेनचं खालचं टोक खाचेत बसेना. हनुवटी छातीला टेकलेली, जीभ बाहेर, नाकातून फुसफुस श्वास. टोक निसटलं की पुन्हा धरायची, चिडली नाही की रडली नाही. शेवटी चेन सर्रकन वर गेली. मी टाळ्या वाजवल्या तर तिचं लक्षच नव्हतं, तिने चेन खाली ओढली आणि पहिल्यापासून सुरू. ही चिकाटी आमच्या घरात नक्की कुणाकडून आली याचा शोध चालू आहे.

आता घरची परिस्थिती अशी: मी नाही म्हणते. सासूबाईंना तिचं रडणं ऐकवत नाही, त्या म्हणतात, "दे गं, एवढंसं तर मागतेय." नवरा हसतो. माझी आत्या फोनवर सांगते, "आत्ताच मोडून काढ, नाहीतर डोक्यावर बसेल." आणि लेक आमच्याकडे आळीपाळीने बघून भोंगा आणखी चढवते.

तर प्रश्न असा, की माघार घेतली तर ती खरंच शेफारेल का? आणि हा तिचा स्वभावच आहे की आम्ही तिला असं केलंय?

ता.क. गेल्या आठवड्यात रडता रडता तिचा श्वास अडकला आणि ओठ निळे पडले. काही सेकंदांतच नीट झाली, पण माझे पाय लटपटत होते. याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा.

---

खडूस काका:

आमच्या लहानपणी वडिलांनी नुसते डोळे वटारले की काम व्हायचं. आता मुलांना समजावत बसतात. दोन धपाटे द्या आणि मोकळ्या व्हा. (शिव्या पडणार माहीत आहे, घ्यायला बसलोय.)

---

जुनीजाणती:

काका, शिव्या नाही देत, पण उत्तर देते. मी बरीच वर्षं पाळणाघर चालवलं, त्यामुळे फतकल या प्रकाराचे सगळे नमुने पाहिलेत.

झोपमोड, आधी स्वभावाचं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. स्वभावाचे ९ पैलू त्यांनी मोजले. चळवळेपणा, नव्याशी जुळवून घेणं, भावनांचा जोर वगैरे. त्यात एक पैलू चिकाटीचा आहे. साधारण १० टक्के मुलं त्यांना 'कठीण' गटात बसणारी वाटली. तुमची लेक त्या गटात आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण चेनशी झटणारी मुलगी आणि लिफ्टपाशी बसणारी मुलगी एकच आहे. एक ठेवून दुसरी परत करता येत नाही. थॉमस-चेस यांचं मुख्य म्हणणं असं, की मुलाचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंचसं ठरतं. तेव्हा 'आम्ही तिला असं केलं का' हा प्रश्न सोडून द्या. आली तीच अशी आहे. तिच्याशी कसं वागायचं तेवढं तुमच्या हातात आहे.

आता शेफारण्याचं. माघार घेतल्याने मूल शेफारत नाही, माघार कधी घेतली याने शेफारतं. लिफ्टचं बटण तिला द्यायला काय जातं? काहीच नाही. मग लिफ्टपाशी पोचायच्या आधीच म्हणा, "बटण तू दाब." हा झाला मनापासूनचा होकार. पण आधी नाही म्हटलं, ती रडली, आणखी जोरात रडली, लोक बघायला लागले आणि मग हो म्हटलं, तर ती शिकते की एवढा आवाज लागतो. पुढच्या वेळी सुरुवातच त्या आवाजाने होणार. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घरोघरची ही साखळी फार बारकाईने मांडली आहे. मूल ओरडतं, मोठे सुटकेसाठी नमतात, आवाज थांबतो. म्हणजे दोघांनाही बक्षीस मिळतं आणि दोघंही तेच पुन्हा करतात. त्यातही कधी नमायचं, कधी नाही, हे सगळ्यांत वाईट. दहातल्या एका वेळी जरी यश मिळालं तरी मूल बाकीच्या नऊ वेळा नेटाने रडतं. चिकाटीचं मूल असेल तर विचारूच नका.

म्हणून पाळणाघरात माझे नकार मोजके असायचे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, आणि ज्या गोष्टीला खरोखर वेळ नाही ती. संपलं. उलटे बूट? घालू देत. पाय दुखले की तीच बदलेल.

आणखी एक, जे आयांना फार पटत नाही. जे विचारायचं नसतं ते विचारू नका. "आता घरी जायचं का गं?" असं विचारलं की ती "नाई" म्हणणार. तुम्ही विचारलंत, तिने उत्तर दिलं, यात तिचं काय चुकलं? "आपण निघतोय. जिन्याने की लिफ्टने?" असं म्हणा. पण दोन्ही पर्याय खरे हवेत. "ऐकतेस की खोलीत ठेवू" याला पर्याय म्हणत नाहीत.

भोंगा सुरू झाल्यावर मात्र व्याख्यान बंद. मायकेल पोटेगल आणि सहकाऱ्यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या अशा आकांडतांडवांचा अभ्यास २००३ मध्ये छापला. तीन चतुर्थांश प्रकरणं पाच मिनिटांत आटपतात. राग सुरुवातीलाच टोकाला जातो आणि उतरतो, मागे उरतं ते रडं आणि कुशीची गरज. आणि गंमत म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटात जी मुलं जमिनीवर बसतात किंवा पाय आपटतात, त्यांचं लवकर संपण्याकडे कल असतो. म्हणजे तुमची फतकल चांगल्यापैकी आहे! राग चढलेला असताना जवळ बसा, डोकं कुठे आपटणार नाही एवढं बघा, गप्प राहा. रडण्याचा सूर बदलला, तो रागाचा न राहता केविलवाणा झाला, की हात पुढे करा. तो बदल कानाला कळतो, थोडी सवय लागते.

काकांसाठी: सुसान क्रॉकेनबर्ग आणि सिंडी लिटमन यांनी १९९० मध्ये दोन वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया पाहिल्या. जिथे आई स्पष्ट सांगायची पण मुलाची बाजूही ऐकून वाट दाखवायची, तिथे मुलं जास्त ऐकत. जिथे धमकी, राग, ओढाताण, तिथे मुलं उलट जास्त आडवी लागत. आणि "मला नको" म्हणणं वेगळं, मुद्दाम उलटं करणं वेगळं, हेही त्यांनी वेगळं काढलं होतं. डोळे वटारल्यावर तुम्ही गप्प बसत होता, हे खरं असेल. वडील खोलीतून गेल्यावर काय करत होता, ते सांगा.

---

खडूस काका:

ते इथे लिहिण्यासारखं नाही.

---

रात्रपाळीचा बाबा:

जुनीजाणती यांच्याशी बहुतेक सहमत, पण पर्यायांच्या बाबतीत थोडा वेगळा अनुभव. आमचा तीन वर्षांचा आहे. दिवसा "हे की ते" उत्तम चालतं. संध्याकाळी, झोपेची वेळ टळली की हाच उपाय उलटतो. लाल शर्ट म्हणतो, लाल दिला की निळा, निळा दिला की लाल, आणि मग दोन्ही जमिनीवर आणि स्वतःही जमिनीवर. निवडायची ताकदच उरलेली नसते त्याच्यात. तेव्हा मी काही विचारत नाही. उचलतो, गुणगुणतो, शर्ट डोक्यातून घालतो.

त्यामुळे सकाळच्या गोंधळाचं मूळ रात्रीत शोधा असं सुचवेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपेसकट ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्यांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे. आमच्याकडे ती कमी पडत होती. झोप वाढल्यावर हट्ट गेला नाही, पण हट्टाला शेवट यायला लागला.

बाकी, रात्रपाळीहून आलो की हा माणूस दारात उभा राहून माझ्या बुटांच्या नाड्या स्वतः सोडतो. मी उभ्या उभ्या पेंगत असतो. घाई करायची सोय नाही. पण त्याचा तो टाळूवरचा भोवरा वरून बघत उभं राहायला मला आवडतं.

---

बालवैद्य:

निळ्या ओठांबद्दल. वर्णनावरून हे रडताना श्वास रोखला जाण्याचे झटके वाटतात. साधारण ६ महिने ते ६ वर्षं या वयात दिसतात. मूल हे मुद्दाम करत नाही. रडताना श्वास बाहेर सोडलेल्या अवस्थेत अडकतो, ओठ निळे पडतात, कधी मूल काही क्षण शुद्ध हरपून ढिलं पडतं, आणि श्वास आपोआप सुरू होतो. बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत.

अशा वेळी तिला कुशीवर आडवं करा, आजूबाजूचं टणक सामान हलवा. गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, तोंडात काही घालू नका. नंतर नेहमीसारखं वागा. श्वास अडकेल या भीतीने प्रत्येक मागणी पुरवायला लागलात तर वर सांगितलेली साखळी इथेही तयार होते.

पण एकदा डॉक्टरांना दाखवाच. काही मुलांमध्ये लोहाची कमतरता सापडते आणि ती भरून काढली की झटके कमी होतात, म्हणून रक्त तपासतात. रडणं, राग, दुखणं किंवा दचकणं असं काही कारण नसताना झटका आला, पळता-खेळताना आला, मूल एका मिनिटाहून जास्त निपचित राहिलं किंवा नंतर नीट भानावर येत नसेल, तर थांबू नका, लगेच न्या. मनोगतावरून निदान होत नसतं, हे धरून चाला.

---

ओवी:

धीर धरा हो. हट्टी मुलं मोठेपणी जास्त कमावतात असं सिद्ध झालंय म्हणे, मी कुठेतरी वाचलं होतं. :)

---

जुनीजाणती:

ओवी, ते वाचलेलं अर्धं आहे. तो अभ्यास लक्झेंबर्गचा. १९६८ मध्ये १२ वर्षांच्या असलेल्या मुलांना ४० वर्षांनी पुन्हा गाठलं, आणि नियम मोडणं, आईवडिलांना न जुमानणं याचा जास्त मिळकतीशी संबंध दिसला. बारा वर्षांची मुलं ती. सव्वादोन वर्षांच्या बटणाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. आणि संबंध दिसला म्हणजे हट्टामुळेच पैसे मिळाले असंही नाही. मुलीने पुढे कमवावं म्हणून आज कुणी लिफ्टपाशी ताटकळू नये. ताटकळायचंच तर तिला ते दाबायला मजा येते म्हणून.

---

झोपमोड:

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बटण आता जाहीरपणे तिचं आहे. शेजारच्या आजोबांनाही सांगून ठेवलंय, ते हात मागे बांधून उभे राहतात.

दोन प्रश्न उरले. गाडीतल्या तिच्या खुर्चीचा पट्टा, तिथे पाठीची कमान करून ताठ होते. आणि सासूबाईंना कसं सांगू? त्या वाईट नाहीत, त्यांचा जीव तुटतो.

---

जुनीजाणती:

पट्टा तुमच्या मोजक्या नकारांतला. तिथे पर्याय एवढाच: खटका तू लावतेस की मी लावू? तिने लावला तर तुम्ही ओढून तपासायचा. नाही लावला तर एकदा सांगून तुम्ही लावायचा, आवाज न चढवता, रडली तरी. अंग ताठ केलं की जोर लावू नका, गुडघ्यांपाशी किंवा पोटावर हलकी गुदगुली केली की कमरेत वाकते. पट्टा लागेपर्यंत गाडी हलत नाही, तुम्ही चालवत असा, नवरा असो की आजी बरोबर असोत. आणि गाडीत बसायच्या पाच मिनिटं आधीच घरातून निघा. कमान बहुतेकदा घाईला उत्तर असते.

सासूबाईंना 'नाही म्हणा' असं सांगू नका, त्यांना ते जमणार नाही. त्यांना एक गोष्ट पूर्ण त्यांची द्या. झोपायच्या आधीचा दिवा, पावसात भिजलेले बूट, काहीही, जिथे त्यांचा होकार शेवटचा आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. त्या बदल्यात एवढंच मागा, की ज्याने नाही म्हटलं त्यानेच ते शेवटाला न्यायचं, बाकीच्यांनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत जायचं. पहिले काही दिवस त्या दाराआड उभ्या राहून ऐकतील. ऐकू द्या. आणि नवऱ्याला सांगा, हसायचं असेल तर त्यानेही त्याच खोलीत जाऊन हसावं.