वर्गणीचं कलम जपून लिहा

मंडळाची संस्था म्हणून नोंदणी करायची तर "टायपिंगवाल्याकडची तयार घटना (म्हणजे मंडळाची नियमावली) घ्या, नावं बदला, नोंदणी होते" असं कुणीतरी सुचवलंय. नोंदणी होते, खरंय. ७ सभासद आणि कागद नीट असले की काम भागतं. पण घटना उघडायची वेळ येते ती वाद लागल्यावर, आणि तेव्हा छापील प्रतीतली वर्गणी नि सभेची कलमं आपल्या गावाला बसत नाहीत.

बीडकडचं सांगतो. दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, परततात ती उन्हाळा लागल्यावर. आता १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १५ वाचा: वर्गणी ३ महिन्यांहून जास्त थकली की त्या सभासदाला मत नाही, सभासद म्हणून मोजणंही नाही. तयार प्रतीत वर्गणी मासिक असली, तर कोयता घेऊन कर्नाटकात गेलेलं जोडपं फडातच मताला मुकतं. ज्यांच्यासाठी मंडळ काढायचं, तेच बाहेर! हे मला अजिबात पटत नाही. आमच्या मंडळात म्हणून वर्गणी वार्षिक ठेवली, भरायची मुदत अक्षय तृतीयेनंतरची, आणि सर्वसाधारण सभा मे महिन्यातच घ्यायची असं घटनेत स्पष्ट लिहिलं. कोरमही (सभेला लागणारी किमान हजेरी) त्यामुळे सहज भरतो.