बोटांचे काळवंडलेले सांधे आणि सोरायसिस: दोन्हींचे मूळ जीवनसत्त्वांच्या कमतरतेत आहे का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
सहा वर्षांपासून माझ्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिसचे चट्टे आहेत. वर्षभरापासून बोटांचे सांधेही काळवंडले आहेत. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात राहूनही आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. तपासणीत ब-१२ जीवनसत्त्व १४० पिकोग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम, म्हणजे दोन्ही कमी निघाले. एका परिचितांनी जस्त व बायोटिन (ब गटातील एक जीवनसत्त्व) यांच्या गोळ्याही सुचवल्या आहेत. मलम थांबवून गोळ्या सुरू कराव्यात का?

प्रतिसाद (कसबा बावडा):
ताई, मलम स्वतःहून थांबवू नका. ते स्टेरॉइडचे असेल तर एकाएकी सोडल्याने चट्टे उसळण्याचा धोका असतो. आपल्या दोन तक्रारी मला वेगवेगळ्या वाटतात. बोटांच्या सांध्यांवरचा काळेपणा हे ब-१२च्या कमतरतेचे ओळखीचे लक्षण आहे आणि योग्य उपचारांनी तो काही महिन्यांत बहुधा ओसरतो. सोरायसिस मात्र रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होतो. ड जीवनसत्त्वापासून बनवलेले कॅल्सिपोट्रिऑल हे मलम त्यावर गुणकारी आहे, पण तेवढ्यावरून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी सोरायसिस बरा होतो असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कमतरता हाडांसाठी भरून काढायलाच हवी, डोस मात्र डॉक्टरांनी ठरवावा.

प्रतिसाद (गडहिंग्लज):
केवळ कमतरतेमुळे होणारे त्वचारोगही आहेत, हे विसरू नये. नायसिनच्या (ब-३ जीवनसत्त्वाच्या) अभावाने होणाऱ्या पेलाग्रात उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर व गळ्याभोवती काळपट, खरखरीत पट्टे उमटतात. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांत तो आढळत असे, आणि ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाचे (प्रथिनांच्या एका घटकाचे) आधिक्य त्यामागे असावे, असे पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले होते. म्हणून कोणी भाकरी सोडू नये! सोबत डाळ, दूध आणि शेंगदाण्याची चटणी असेल, तर भीतीचे कारण नाही.

प्रतिसाद (शाहूपुरी):
बायोटिनबाबत एक सूचना. त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या रक्तचाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चाचणीआधी घेत असाल तर प्रयोगशाळेत सांगावे. जस्तही दीर्घकाळ अधिक घेतल्यास शरीरातील तांबे घटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
आभारी आहे. मलम चालू ठेवते, बायोटिन घेत नाही. ब-१२ इतके कमी का झाले, केवळ आहारामुळे की शोषणातच अडचण आहे, हे सोमवारी डॉक्टरांना विचारीन.