विषय: पेसमेकरनंतर सार्कॉइडची शंका – मार्गदर्शन हवे

स.न.वि.वि.

परभणीला राहणारे माझे धाकटे दीर ४४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा कुठलेही व्यसन नाही. मध्यंतरी ते दुकानातच चक्कर येऊन कोसळले. ईसीजीत पूर्ण हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युत संदेश पूर्ण थांबणे) निघाला, अँजिओग्राफी निर्दोष आली आणि पेसमेकर बसवून त्यांना घरी सोडले. पुढे छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी वाढलेल्या गाठी दिसल्या. एका डॉक्टरांनी क्षयाची औषधे लगेच सुरू करा असे सांगितले, तर नांदेडच्या डॉक्टरांना हृदयाच्या सार्कॉइडोसिसची (थोडक्यात सार्कॉइड; अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार) शंका असून त्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागेल असे त्यांचे मत आहे. टू-डी इको नॉर्मल आहे. मग नक्की काय ते ठरवायचे कशावरून? मंडळातील डॉक्टर सभासदांनी कृपया सांगावे.

---

विषय: उत्तर: पेसमेकरनंतर सार्कॉइडची शंका

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे शिक्षण अंबाजोगाईचे आणि सध्याचे काम हृदयरोगाचे आहे. रुग्णाला न पाहता निदान सांगणे योग्य नाही, तपासण्यांचा क्रम मात्र सांगतो, कारण या आजारात क्रम चुकला की उत्तर हाती लागणे अवघड होते.

साठीच्या आत, काही कारण सापडत नसताना पूर्ण हार्ट ब्लॉक होतो तेव्हा सार्कॉइडचा विचार करावा, असे हृदयाच्या ताल-विकारांवरील तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शनातही म्हटले आहे. त्यामुळे नांदेडच्या डॉक्टरांची शंका रास्तच आहे. इको नॉर्मल असल्याने ती फिटत नाही. हा आजार हृदयाच्या स्नायूत तुकड्या-तुकड्यांनी पसरतो, आणि त्याच कारणाने हृदयातून घेतलेल्या बायोप्सीतही तो साधारण चारांपैकी एखाद्याच रुग्णात सापडतो. म्हणून तुकडा आधी छातीतल्या गाठीचा घ्यावा. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने तो काढता येतो.

त्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा सूक्ष्म पुंजका) दिसला म्हणजे सार्कॉइड सिद्ध झाला असे आपल्या भागात तरी कोणी समजू नये. क्षयातही ग्रॅन्युलोमा असतो, आणि त्याच्या मध्यभागी मेलेल्या पेशींचे क्षयाचे ते ठरावीक केंद्र प्रत्येक नमुन्यात दिसेलच असे नाही. तोच नमुना जीन एक्सपर्ट (क्षयाच्या जंतूंची जलद जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवायला सांगा; कल्चरला काही आठवडे लागतात. क्षय असताना एकटे स्टिरॉइड दिले तर तो बळावतो, आणि सार्कॉइड असताना नुसती क्षयाची औषधे घेत महिने गेले तर हृदयाचे नुकसान चालूच राहते. रक्तातील एसीई (सार्कॉइडमध्ये वाढू शकणारे एक विकर) या तपासणीवर निर्णय घेऊ नये.

हृदयातला दाह पाहण्यासाठी एफडीजी पेट स्कॅन (किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचून ती कुठे ओढली जाते हे पाहणारा स्कॅन) हवा, तोही स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वी. पेसमेकरमुळे एमआरआयची चित्रे बिघडू शकतात. पेटला ती अडचण विशेष नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: पेसमेकरनंतर सार्कॉइडची शंका

आभारी आहे. पेट स्कॅन हैदराबादला ठरतो आहे. आदल्या दिवशी उपास करायचा असे कळले. घरी तशी तयारी करायला सांगू का?

---

ताई, थांबा. आपल्याकडे उपास म्हटला की साबुदाणा, भगर आणि बटाटा आलाच, आणि इथे नेमके तेच चालत नाही. निरोगी हृदयही साखर वापरते. पिष्ट पदार्थ बंद करून स्निग्ध आहार आणि मग उपाशी ठेवले की ते चरबीवर चालू लागते, आणि साखर ओढणारा भाग दिसला तर तो दाहाचा आहे असे म्हणता येते. भाकरी, वरण, दूध, फळे आणि साखरेचा चहा आदल्या दिवसापासून बंद. तुपातली अंडी किंवा तळलेले मटण चालते. दीर शाकाहारी असतील तर काही केंद्रे सरळ अठरा तासांचा निव्वळ पाण्यावरचा उपास सांगतात. केंद्राकडून लेखी आहारपत्रक मागवून घ्या. तयारी फसलेल्या स्कॅनचा अर्थ लावता येत नाही आणि खर्च मात्र पूर्ण होतो.

सार्कॉइड ठरलाच तर साध्या पेसमेकरऐवजी आयसीडी (गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारे बसवायचे यंत्र) हवा का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे. या आजारात जीवघेणा ताल अचानक येऊ शकतो, आणि त्या वेळी शॉक देण्याची सोय साध्या पेसमेकरमध्ये नसते.