गर्भश्रीमंतांच्या शहरातले खून: 'द लाँग हॅलोवीन' वाचतानाचे तुमचे अनुभव

जेफ लोब यांचं लेखन आणि टिम सेल यांची चित्रं असलेली ही बॅटमॅनची रहस्यकथा १९९६-९७ मध्ये १३ अंकांत आली. वर्षभर दर सणाला खून होतात, मरणारे बहुतेक गडगंज माफिया डॉन फाल्कोनीच्या गोतावळ्यातले किंवा त्याच्या पैशाभोवतीचे. माग काढणारा ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, तोही पिढीजात श्रीमंत. तुम्हाला यातलं काय भिडलं? सविस्तर लिहा. फक्त खुनी कोण ते फोडू नका, नवे वाचक आहेत.

———

मी बँकेत आहे, त्यामुळे सुरुवातीचं लग्न डोक्यातून जात नाही. फाल्कोनीच्या भाच्याचं, जॉनी विटीचं लग्न. ब्रूस तिथे पाहुणा. फाल्कोनीला आपला काळा पैसा बँकेतून पांढरा करून हवाय आणि ब्रूस संचालक मंडळावर आहे. तो नाही म्हणतो. पुढे बॅटमॅन आणि सरकारी वकील हार्वी डेंट गोदामातल्या नोटांचा ढीगच पेटवून देतात, तब्बल २ कोटी डॉलर! त्या पानावर मी किती वेळ थांबले होते. कायद्याने जे जमलं नाही ते काडीने केलं, आणि माझ्या मते हार्वीची घसरण तिथूनच सुरू होते.

———

+१. माझं बाळ तेव्हा तान्हं होतं. खुनी .२२ च्या पिस्तुलाला आवाज दबावा म्हणून दुधाच्या बाटलीचं निप्पल लावतो. ओट्यावर तशाच बाटल्या उकळत होत्या. पुस्तक मिटून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

———

मी सर्जन. गोळी लागलेल्या तरुण फाल्कोनीला त्याचा बाप वेनांच्या वाड्यावर आणतो, ब्रूसचे वडील डॉ. थॉमस वेन जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया करतात आणि छोटा ब्रूस ते बघतो. पुढे याच उपकारावरून वेन घराण्यावर संशय घेतला जातो. मला थॉमस पूर्ण बरोबर वाटतात. टेबलावर आलेला माणूस कोण, हे आधी बघायचं नसतं. पण मोठ्या ब्रूसला त्याचा किती त्रास होत असेल, हेही कळतं.

———

सगळे श्रीमंतांबद्दल लिहिताहेत म्हणून सांगतो, नाताळच्या रात्री मरतो तो मायलोस, फाल्कोनीचा अंगरक्षक. पगारी माणूस. मी स्वतः सुरक्षारक्षकांच्या वस्तीत वाढलो, मला तोच खून सर्वांत जास्त लागला.