सामुदायिक रेडिओ: इरादापत्र आलं, टॉवरला आगाऊ पैसे द्यावेत का?

डोंगरकाठ
आमच्या संस्थेला सामुदायिक रेडिओचं इरादापत्र (लेटर ऑफ इंटेंट) मिळालंय. ट्रान्समीटर ५० वॅटचा घेणार. स्टुडिओ एकमजली इमारतीत, गाव दरीत, पश्चिमेला डोंगर. डोंगरापलीकडच्या वाड्यांनाही ऐकू जायला हवं. टॉवरवाला म्हणतो, ४० मीटरचा घ्या, महिन्यात उभा करतो. आगाऊ पैसे मागतोय. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत न्यायची आरजी-२१३ केबल स्वस्तात मिळतेय, तीही घेऊन ठेवू का?

परवानापुराण
४० मीटर विसरा. अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, कमीत कमी १५.

पैसेही आत्ता देऊ नका. इरादापत्र म्हणजे परवाना नव्हे. पुढे डब्ल्यूपीसीकडून (दूरसंचार विभागाची फ्रिक्वेन्सी वाटणारी शाखा) फ्रिक्वेन्सी, सॅक्फाची (अँटेनाची जागा तपासणारी सरकारी समिती) जागेला मंजुरी, मग गोपा (माहिती व प्रसारण मंत्रालयाशी परवानगीचा) करार, मग वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स. सॅक्फाची मंजुरी अक्षांश-रेखांशाला मिळते, गावाला नाही. अर्ज गच्चीचा आणि टॉवर मागच्या शेतात, असं झालं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे जिथे पाया खणणार तिथेच उभं राहून जीपीएसवर सेकंदापर्यंतचे आकडे घ्या. नकाशात गावाच्या नावावर टिचकी मारून घेतलेले चालायचे नाहीत.

अँटेनाची ऑर्डरसुद्धा फ्रिक्वेन्सी हातात पडल्यावरच. ९०.४ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी १.६६ मीटर, १०७.८ ला १.३९. एकीसाठी कापलेला डायपोल (अर्ध्या तरंगलांबीची साधी अँटेना) दुसरीवर नीट जुळत नाही.

खरखर
केबलबद्दल. आरजी-२१३ मध्ये १०० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरला साधारण ६.५ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घट-वाढीचं माप) वाया जातात. तुमची लांबी ३५ मीटर धरली तर ५० वॅटपैकी अँटेनापर्यंत पोचतात जेमतेम ३०. अर्धा इंची फोम केबलमध्ये हेच ४२ वॅट. वर ३ डीबी गेनची, म्हणजे सिग्नल एकवटून दुप्पट करणारी, अँटेना लावली की ८४ वॅट ईआरपी (केबलची घट आणि अँटेनाचा गेन धरून येणारी परिणामी पॉवर). मर्यादा १०० वॅटची आहे आणि ती ट्रान्समीटरवर नाही, ईआरपीवर आहे. म्हणून गेन वाढवतानाही हिशेब करा. पैसे वाचवायचेच असतील तर स्टुडिओतल्या फर्निचरवर वाचवा. आवाज शोषायला जुन्या गोधड्या उत्तम चालतात.

खरा घोटाळा पावसाळ्यात होतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप) चढतो. २ ला ११ टक्के पॉवर परत येते, ३ ला २५ टक्के, आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आपसूक पॉवर उतरवतो. स्टुडिओत सगळं ठीक वाटतं, लांबच्या वस्तीत मात्र नुसती खरखर. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबर टेप खालून वर गुंडाळा, कौलं शाकारतात तशी, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो. त्यावर साधी पीव्हीसी टेप. केबल भिंतीतून आत घेण्याआधी खाली झोळ सोडा, पाणी तिथूनच गळून जाईल.

डोंगरकाठ
आभार. मग पलीकडच्या वाड्यांचं काय? पॉवर वाढवायची विशेष परवानगी मागू का?

परवानापुराण
उपयोग नाही. पॉवर दुप्पट केली तरी वाढतात फक्त ३ डीबी. डोंगराची सावली त्याहून कितीतरी गडद असते. खिंडीजवळ उंचवट्यावर जागा मिळत असेल तर १५ मीटरचा खांबही दरीतल्या ३० मीटरच्या टॉवरला भारी पडेल. पण ती जागा तुमच्या समुदायाच्या क्षेत्रातच हवी, तिथे वीज आणि रस्ता हवा, आणि सॅक्फाच्या अर्जात पहिल्यापासून तीच हवी. म्हणून आधी जागा पक्की करा.

अर्थिंगवाला
उंचवट्यावर गेलात तर वीज पडण्याचा धोका वाढला. टॉवर, केबलचं बाहेरचं आवरण, ट्रान्समीटरचा रॅक आणि लाइट मीटर यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं. वेगवेगळे खड्डे करून सुटे ठेवले तर जवळ वीज पडल्यावर दोन खड्ड्यांमधला व्होल्टेजचा फरक थेट यंत्रातून वाहतो. केबल आत येते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा) लावा. विजेच्या लाइनवर आधी सर्व्हो स्टॅबिलायझर, मग ऑनलाइन यूपीएस. मिक्सरपासून ट्रान्समीटरपर्यंत बॅलन्स्ड एक्सएलआर केबलच वापरा, नाहीतर दिवसभर ५० हर्ट्झची घूं ऐकावी लागेल. मध्ये लिमिटर (आवाजाची उसळी दाबणारं यंत्र) हवाच, डेव्हिएशन, म्हणजे आवाजासोबत फ्रिक्वेन्सीचं मागेपुढे सरकणं, ७५ किलोहर्ट्झच्या वर गेलं की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर घुसखोरी.

आणि अँटेना किंवा डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रोध) जोडल्याशिवाय, "जरा चालतोय का बघू" म्हणूनसुद्धा, ट्रान्समीटर चालू करायचा नाही.